पाहणाऱ्याचं नाव

प्राचार्य भालेकरांनी तीन वर्षांत चौसष्ट लेख छापले अन् त्यातला एक बी स्वतः लिहिला न्हाई, हे पुंजाराम मगरे ज्याला त्याला सांगायचा. सांगताना हसायचा न्हाई. "चौसष्ट!" म्हणायचा अन् तोंडातली सुपारी बाजूला थुंकायचा. "म्हैस वर्षाला एक देती. हा माणूस महिन्याला दोन देतो, अन् वेत कुठं झालं ते कुणाला दिसत न्हाई."

माणूस कॉमर्सचा. पण लेख म्हणाल तर उसावर, संतांवर, बचत गटांवर, विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांवर, एक तर चक्क गोगलगायीच्या पचनसंस्थेवर. पुंजारामनं त्याच कॉलेजात बत्तीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचराची नोकरी केलेली. त्यानं तो गोगलगायीचा लेख वाचायला घेतला अन् चौथ्या ओळीला ठेवून दिला. "ह्यांच्या हातात गोगलगाय द्या," तो म्हणाला, "अन् तोंड कुठलं, ढुंगण कुठलं ते ओळखून दाखवा म्हणावं. एका महिन्याची पेन्शन लावतो."

ते कॉलेज तीर्थपुरीच्या पुढं, रस्त्याला लागूनच हाय. नाव संस्थापकाच्या आईचं हाय, त्या बिचारीला उगं मधी कामून ओढायचं. तिथं लेखांची एक पद्धत पडून गेल्ती. लिहायचं कुणी बी, बहुतेक तासिकेवरच्या पोरापोरींनी, म्हणजे ज्यांना तास घेतला तर पगार अन् उन्हाळा आला की घरी बसा. लेखावर पहिलं नाव प्राचार्यांचं, मार्गदर्शक म्हणून. दुसरं विभागप्रमुखाचं, कारण खोली त्यांची. तिसरं लिहिणाऱ्याचं. लग्नाच्या पत्रिकेत न विचारता आमदाराचं नाव टाकतात, तसं ते टाकलं जायचं, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं न्हाई. छापायला कॉलेजचंच मासिक होतं, 'आंतरराष्ट्रीय' बरं का, भालेकरांच्या मेव्हण्याच्या दुकानात निघायचं. त्याच दुकानात लग्नपत्रिका बी छापायचे.

पुंजाराम ह्या सगळ्यांना आतून-बाहेरून ओळखून होता. कोण कसा डॉक्टर झाला ते त्याला बराबर ठाऊक. एका सरांनी तर दुसऱ्याचा प्रबंध जसाच्या तसा उतरवला, त्यात शेवटी दुसऱ्याच्या बायकोचे आभार बी तसेच उतरवले. पुंजारामनं ते वाचलं, सरांना सलाम ठोकला अन् काचपट्ट्या धुवायला गेला. आठवी शिकलेल्या माणसाला ह्या लोकांना सलाम ठोकावा लागतो, ह्याचं त्याला काही वाटायचं न्हाई. वाटायचं ते एवढंच की सलाम घेताना त्यांना लाज कशी वाटत न्हाई.

ह्या तिरस्कारातून एकच माणूस सुटलेलं. त्याची पोरगी भावना. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., सेट पास, सहा वर्षांपासून त्याच कॉलेजात तासिकेवर. बत्तीस वय झालं तरी लग्नाचं नाव काढत न्हाई, आधी पर्मनंट होते म्हणते. पुंजाराम रस्त्यानं तिच्या स्कूटीमागं बसून जायचा तव्हा असा ताठ बसायचा की जसं काही कलेक्टरची गाडी चाललीय.

आता एका पत्राचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं.

प्रयोगशाळेच्या मागं कॉलेजची मोसंबीची बारा झाडं होती. नोकरीला लागल्यापासून पुंजाराम दुपारची भाकर तिथंच खायचा. मोसंबीवर काळी माशी पडते, पानं चिकट होतात, मंग त्यांच्यावर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, धरते, हे आपल्याकडं पोरंसोरं बी सांगतील. माशी दिसली की दुकानदार औषध देतो अन् शेतकरी फवारतो. पुंजारामला मात्र पानं उलटून बघायची खोड. त्याला दिसलं की माशीनं अंडी घातल्यावर अकरा-बारा दिवसांनी एक बारका, मोहरीएवढा तपकिरी ढालकिडा पानाच्या मागच्या अंगाला येतो अन् त्या माशीची पिल्लं मटामटा खातो. अन् लोक फवारतात आठव्या दिवशी. म्हणजे पाहुणा यायच्या आत दार लावून घेतात. त्यानं दोन झाडं फवारू दिली न्हाईत. ती झाडं बिनऔषधाची सुधारली.

त्यानं एक वही केली. झाड, तारीख, चाळीस पानं, कितींवर माशी, कितींवर किडा. दोन वर्षांची वही त्यानं पुण्याला धाडली, डॉक्टर जगन्नाथ निरगुडकरांना. हे निरगुडकर म्हणजे किड्यांच्या दुनियेतलं लई मोठं नाव, परदेशातली माणसं त्यांना भेटायला यायची. पुंजारामला त्यांचं नाव प्रयोगशाळेतल्या पुस्तकाच्या पाठीवरून कळाल्तं. एवढा मोठा माणूस उत्तर देईल असं त्याला सपनात बी वाटलं न्हाई. पण सव्वा महिन्यानं पत्र आलं. दोन हजार एक सालचं, निळ्या शाईचं, हातानं लिहिलेलं, एक पान भरून.

ते त्याला तोंडपाठ होतं. त्यात लिहिलं होतं, की तुमची वही दोनदा वाचली. तुम्ही जे पाहिलंत ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, कारण आम्ही बागेत इतका वेळ बसतच नाही. पण छापायची घाई करू नका. दोन हंगाम हा योगायोगही असू शकतो, बारा हंगाम बघा. ज्या वर्षी किडा येणार नाही ते वर्षही लिहा, लाज वाटून गाळू नका. लेख मराठीत लिहा, बागाईतदाराला वाचता येईल असा. आणि शेवटी ही ओळ: 'लेख छापाल तेव्हा त्यावर नाव फक्त पाहणाऱ्याचं असावं. माझं घालू नका आणि तुमच्या साहेबांचंही घालू नका; ज्याने पान उलटून पाहिलं, त्याचं.'

पुंजारामनं बारा हंगाम बघितले. दोन वर्षं किडा आलाच न्हाई, ते बी लिहिलं. मधी निरगुडकर वारले. दोन हजार बाराचा दुष्काळ आला, झाडं वाळून कोळ झाली, तोडली, अन् आज त्या जागी भालेकरांनी पोरांना फोटो काढायला सिमेंटचं मोठं लाल हृदय उभं केलंय. वह्या तयार झाल्यावर पुंजाराम तव्हाच्या विभागप्रमुखाकडं गेल्ता. ते म्हणले, मामा, तुमच्या नावानं कोण छापणार? फॉर्मवर पदवी विचारतात. दोन-तीन ठिकाणी त्यानं पोस्टानं बी पाठवलं. कुणी पोच सुद्धा दिली न्हाई. मंग पत्र अन् वह्या लोखंडी पेटीत गेल्या अन् चांगुणाबाई, त्याची बायको, वर गोधड्या रचायला लागली.

तर यंदा कॉलेजला दर्जा देणारी कमिटी येणार होती. कमिटी म्हणली की ह्या लोकांची पाचावर धारण बसते. भिंती रंगल्या, बंद नळाला पाणी आलं, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ झटकून झटकून दोन पोरींना दमा व्हायची पाळी आली. अन् कमिटीला दाखवायला संशोधन पाह्यजे. भावनाच्या तोंडून कधीतरी पत्राची गोष्ट निघून गेल्ती, ती भालेकरांच्या कानावर गेली. ते स्वतः पुंजारामच्या घरी आले. चांगुणाबाईनं चहा केला.

"मामा," भालेकर म्हणाले, "निरगुडकरांचं हस्तलिखित म्हणजे आपल्या कॉलेजचा ठेवा आहे. आपण ते फ्रेम करू."

"कॉलेजचा कसा?" पुंजाराम म्हणाला. "पाकिटावर माहं नाव हाय."

"अहो, तुम्ही आणि कॉलेज काय वेगळे?"

पुंजारामला आतल्या आत हसू आलं. रिटायर होताना ह्याच माणसानं त्याला एक प्लास्टिकचं घड्याळ देऊन वाटेला लावलं होतं. पण तो लगेच न्हाई म्हणला न्हाई. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सदुसष्ट वय झालं, छातीत कळ येऊन गेलेली. आपण बारा हंगाम बघितलं ते आपल्यासंगं मातीत जाणार, ह्या एका गोष्टीचा त्याला घोर लागून राह्यला होता. मरायच्या आधी ते छापलेलं बघायचं, खाली आपलं नाव बघायचं, बाकी त्याला काही नको होतं.

"पत्र देतो," तो म्हणाला. "पण माहा लेख छापायचा. माह्या नावानं. एकट्याच्या."

"बिलकुल!" भालेकर म्हणाले अन् दुसरी बशी बी ओतून प्याले.

वह्या भावनानं टाइप करायला नेल्या. पुंजाराम पंधरा दिवस घरात धड बसेना. चांगुणाबाई म्हणाली, "पोरगी बाळंत होताना बी एवढ्या फेऱ्या कुणी घालत न्हाई." तो म्हणाला, "तुला काय कळतंय?" अन् पुन्हा फेऱ्या घालायला लागला.

अंक आला तो कमिटीच्या तीन दिवस आधी. भावना तो घेऊन आली पण हातात दिला न्हाई, टेबलावर ठेवला अन् आत पाणी प्यायला गेली. पुंजारामनं चष्मा लावला. पान उघडलं. लेखाचं नाव इंग्रजीत, त्याच्या खाली तीन नावं. डॉ. राधेश्याम भालेकर. डॉ. नीला पाठक, म्हणजे आताच्या विभागप्रमुख. प्रा. भावना मगरे.

त्यानं पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. मंग शेवटपर्यंत बोट फिरवत गेला. मजकूर सगळा इंग्रजीत, अन् आकड्यांच्या तक्त्यात बाराच्या जागी दहाच वर्षं. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, एक मराठी ओळ सापडली: पाने मोजण्याच्या कामी श्री. पुंजाराम (सेवक) यांचे साहाय्य झाले.

अन् समोरच्या पानावर, अख्ख्या पानभर, निरगुडकरांचं पत्र. निळी शाई काळी झाली होती पण अक्षर न् अक्षर लागत होतं. 'तुमच्या साहेबांचंही घालू नका.' साहेबांच्या नावासमोरच छापलं होतं. गाढवांनो! पुंजारामच्या एकदम ध्यानात आलं की पत्र कुणी वाचलेलंच न्हाई. भालेकरांनी न्हाई, नीला पाठकांनी न्हाई, मेव्हण्यानं न्हाई. त्यांनी नुसतं अक्षर बघितलं, खालची सही बघितली अन् फ्रेमचं माप घेतलं. चौसष्ट लेखांचा बाप, अन् एका पानाचं पत्र वाचायला ह्याला सवड झाली न्हाई!

"तू तर वाचलं होतं," तो आत बघून म्हणाला.

भावना दारात आली. "बाबा, सरांनी सांगितलं तसं टाइप केलं. तीन नावं पद्धतच हाय."

"माहं नाव?"

"तुमच्या नावाला भरतीचे पॉइंट कुणी देणार हाय का? तुम्ही रिटायर झाले. मला एक लेख कमी पडून राह्यलाय. जूनमधी जाहिरात निघणार हाय पर्मनंटची." तिचा आवाज चढला. "सहा वर्षं झाली बाबा! घरातलं घरातच राह्यलं की, मगरेच नाव हाय ना!"

"अन् ती दोन वर्षं? किडा आला न्हाई ती?"

"त्यानं टक्केवारी बिघडत होती. नीला मॅडम म्हणल्या काढून टाक."

पुंजारामनं अंक मिटला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला किळस आली, अन् ती बी आपल्या पोरीची. आजवर ज्या डोळ्यांनी तो भालेकरांकडं बघायचा त्याच डोळ्यांनी तो आता हिच्याकडं बघत होता, अन् हे त्याला सहन होईना. तो अंगणात गेला, चूळ भरली, पुन्हा भरली.

"पत्र परत आणतो उद्या," तो बाहेरूनच म्हणाला.

"आणा. अन् मला बी घरी आणा संगंच," भावना म्हणाली. "कमिटीच्या तोंडावर फ्रेम काढली तर ते मला ठेवतील का?"

चांगुणाबाई मधी पडली. म्हणाली, झालं ते झालं, पोरीच्या पोटावर पाय देऊ नका. पुंजारामनं पत्र आणलं न्हाई. दोन दिवस पोरीशी बोलला बी न्हाई.

कमिटी आली त्या दिवशी भालेकरांनी गाडी पाठवून त्याला बोलावून घेतलं. पांढरं धोतर-टोपी घालून या म्हणाले. पुंजारामनं जन्मात धोतर नेसलं नव्हतं. तो पॅन्ट-शर्टात गेला. जुन्या भांडारघराला रंग देऊन 'संशोधन दालन' केलं होतं. भिंतीवर सोनेरी फ्रेममधी पत्र, शेजारी लेखाचं पहिलं पान मोठ्ठं करून फ्लेक्सवर, तिन्ही नावं वीतभर अक्षरात. पुंजारामला पत्राच्या बाजूला उभं केलं. जत्रेत दोन तोंडाचं वासरू उभं करतात, तसा तो उभा राह्यला.

कमिटीत तिघं जण. म्होरक्या म्हणून एक बाई होत्या, दक्षिणेकडच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात साध्या चपला. त्या खोल्या बघून बघून कंटाळल्या होत्या हे दिसतच होतं. पण निरगुडकरांचं नाव ऐकलं अन् थांबल्या. म्हणाल्या, मी त्यांचं भाषण ऐकलंय, तरुणपणी. अन् पत्राला नाक लावून उभ्या राह्यल्या. मराठी त्यांना वाचता येईना.

"क्या लिखा है इसमें?" त्यांनी विचारलं.

भालेकर पुढं झाले. "मॅडम, कॉलेज के रिसर्च का बहुत कौतुक किया है."

"पूरा पढिए ना."

आता भालेकरांना ते हाताचं अक्षर कुठलं लागतंय! त्यांनी घाम पुसला अन् नीला पाठकांकडं बघितलं, नीला पाठकांनी भावनाकडं. शेवटी ठरलं की पुंजाराम मामा मराठीत म्हणतील अन् भावना मॅडम इंग्रजी करून सांगतील. भालेकरांना हे एकदम पसंत पडलं. म्हातारा पाठ म्हणतोय, पोरगी इंग्रजी करतीय, फोटोला बी बरं. त्यांनी फोटोवाल्याला खूण केली.

पुंजारामनं पत्राकडं न बघता सुरू केलं. एक वाक्य तो, एक वाक्य ती. वही दोनदा वाचली. भावनानं सांगितलं. बारा हंगाम बघा. सांगितलं. ज्या वर्षी किडा येणार नाही ते वर्षही लिहा. इथं ती जराशी अडखळली पण सांगितलं. बाई मान हलवून हलवून ऐकत होत्या, त्यांचा कंटाळा पार पळाला होता.

मंग शेवटची ओळ आली. पुंजारामनं ती सावकाश म्हणली. 'साहेबांचं' म्हणताना त्यानं भालेकरांकडं बघितलं. भालेकरांचं हसू तोंडावर तसंच राह्यलं, फक्त त्याच्यातला जीव गेला.

भावनाची पाळी आली. मंग तिनं इंग्रजी केलं. म्हणाली, डॉक्टरांनी असं लिहिलंय की काम करणाऱ्या सगळ्या टीमचं नाव लेखावर असावं.

पुंजारामनं बत्तीस वर्षं प्रॅक्टिकलं ऐकली होती. टीम कळत होतं, ऑल कळत होतं. त्यानं पोरीकडं बघितलं. ती फ्लेक्सकडं बघत होती. तिच्या कानामागनं घामाची धार लागली होती. पुंजारामला वाटलं, सोडून द्यावं. आपली पोर हाय. एक ओळ तर हाय. पण त्या ओळीसाठी मेलेल्या माणसानं हातानं कागद लिहिला होता, अन् ही जित्या माणसासमोर त्याला खोटं पाडून राह्यली होती. त्याला भालेकरांची चौसष्ट पिल्लं आठवली, आभारातली दुसऱ्याची बायको आठवली. आपण गप बसलो तर ह्यांच्यात अन् आपल्यात फरक तो काय?

"मॅडम," तो बाईंना म्हणाला, "आखरी लाइन बराबर न्हाई बताई."

हे मात्र कुणी धरूनच चाललं नव्हतं. इंग्रजी येत न्हाई म्हणजे म्हातारा मुका, असा ह्या शहाण्यांचा समज. अरे, जालन्यातला माणूस हाय तो! हिंदी बोलायला ह्याला शिकवणी लावावी लागती का?

"क्या लिखा है फिर?" बाईंनी विचारलं.

"लिखा है, नाम सिर्फ देखनेवाले का डालो. मेरा मत डालो, साहब का भी मत डालो. जिसने पत्ता उलटा करके देखा, उसका."

बाईंनी फ्लेक्सवरची तिन्ही नावं वाचली. बराच वेळ वाचली. "तो किसने देखा?"

"बुजुर्ग आदमी है मॅडम, थोडा..." भालेकर हसत हसत पुढं आले.

"मैं इनसे पूछ रही हूँ."

"मैंने देखा," पुंजाराम म्हणाला. "बारह सीझन."

बाई भालेकरांकडं वळल्या. "आपका विषय?"

"कॉमर्स," भालेकर म्हणाले.

"और आप?" नीला पाठकांना.

"मैं हेड हूँ."

मंग त्या भावनाकडं वळल्या. आवाज थोडा उतरला. "और आपने क्या किया, बेटा?"

सगळी खोली तिच्या तोंडाकडं बघत होती. "टायपिंग," ती म्हणाली. "टायपिंग मैंने किया, मॅडम."

कुणीतरी मागं फिस्कन हसलं. पुंजारामच्या काळजात ते असं घुसलं की त्याला वाटलं आपणच हसलो. नाव मिळालं होतं, भर कमिटीत मिळालं होतं, अन् त्याला त्याची चव कळेना.

बाईंनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं, पुंजारामला दोन्ही हातांनी नमस्कार केला अन् पुढच्या खोलीकडं गेल्या. फोटोवाल्यानं सगळे फोटो काढले होते.

तुम्ही म्हणाल आता भालेकरांचं तोंड काळं झालं असंल. छे हो! अशा लोकांचं तोंड इतक्या सहजी काळं होत न्हाई. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. त्यात एक चांगली गोष्ट म्हणून लिहिलेलं होतं की इथं परिचरानं सुद्धा बारा वर्षं निरीक्षण केलंय अन् त्याची योग्य ती दखल घेतली जावी. भालेकरांनी दखल घेतली. 'सेवकांनाही संशोधनाची गोडी लावणारं महाविद्यालय' असा फ्लेक्स गेटवर लावला, त्याच्यावर स्वतःचा फोटो. लेखावरची नावं बदला म्हणून पुंजारामनं अर्ज दिला तर उत्तर आलं, एकदा प्रसिद्ध झालेला अंक बदलता येत नाही. अन् वर फोन करून म्हणाले, "मामा, दुसरा भाग काढू या. त्यात तुमचं नाव चौथं घेऊ." पुंजारामनं फोन तसाच चांगुणाबाईच्या हातात दिला. तिनं भालेकरांना काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. दुसऱ्या दिवशी तो जाऊन पत्र फ्रेममधून काढून घेऊन आला. फ्रेम त्यानं गेटवर ठेवून दिली.

जूनमधी तासिकेची यादी लागली. भावनाचं नाव त्यात नव्हतं. जाहिरात निघाली, तिची जागा नीला पाठकांच्या भाचीला गेली.

भावना घरात असून नसल्यासारखी झाली. जेवायची, भांडी घासायची, खोलीत जाऊन पडायची. बाप-लेकीत एक शब्द न्हाई. चांगुणाबाई नवऱ्याला म्हणाली, "मिळालं का नाव? घ्या आता चाटून." तो अंगणात बसून राह्यचा अन् रोज मनात तीच खोली यायची, तेच हसू यायचं. आपण चुकलो असं त्याला वाटायचं न्हाई. बराबर होतो असं बी वाटायचं न्हाई.

जुलैच्या एका दुपारी भावना लॅपटॉप घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"वह्या द्या," ती म्हणाली.

"कामून?"

"पहिल्यापासून टाइप करते. मराठीत. ती दोन वर्षं बी घालते." तिनं वर बघितलं न्हाई. "शेतीच्या मासिकाला विचारलंय मी. ते पदवी विचारत न्हाईत. मजकूर पाठवा म्हणले."

"नाव?"

"तुमचं."

"एकट्याचं?"

"एकट्याचं," ती म्हणाली अन् लॅपटॉप उघडला. "आता तरी बोला की माह्याशी."

पुंजाराम उठला, गोधड्या उतरवून पेटीतून वह्या काढून आणल्या. अंगाला पुसल्या. मंग बसला अन् म्हणाला, "खाली एक ओळ लिही. टायपिंग, भावना मगरे."

"नको बाबा. नको ते."

"नको कामून? करून राह्यली ना तू? जे केलं ते तुहं हाय, त्याची कसली लाज?"

भावनानं दोन्ही हातांत तोंड झाकलं अन् हमसून हमसून रडली. आतून चांगुणाबाई हातातलं पीठ न धुता बाहेर आली अन् उंबऱ्यातच थांबली. पुंजारामनं पोरीला रडू दिलं. मंग चष्मा पुसला, पहिली वही मांडीवर उघडली अन् बोट ठेवून सांगायला लागला.

"लिही. झाड पहिलं. पानं चाळीस. माशी सव्वीस पानांवर. किडा न्हाई."